पट्टीवरचा भाव आणि खासदारांचे उत्तर

२०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या मामांनी लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन विकले. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मामांच्या हातात आलेल्या पट्टीवर, म्हणजे आडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, त्याहून बराच खालचा भाव लिहिलेला होता. हमाली आणि तोलाई वजा जाता जे उरले, त्यात बियाण्याची आणि खताची उधारीही पुरती फिटत नव्हती. त्याच सुमारास विधानसभेच्या प्रचारासाठी खासदार गावात आले होते. सभा संपल्यावर मामांनी त्यांना गाठून भावाबद्दल विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की तेलाच्या आयातीचे हे सगळे आंतरराष्ट्रीय करारांनी बांधलेले असते आणि जागतिक व्यापार संघटनेपुढे कोणाचे काही चालत नाही. मामा तिथून थेट माझ्याकडे आले. "तू पोरांना राज्यशास्त्र शिकवतूस ना? मग सांग मला, ह्या भावाचं विचारायचं कुणाला? आमदार खासदाराकडं बोट दावतो, आन् खासदार म्हणतो ते परदेशात ठरतंय. तिथं माझं मत कुठं हाय?"

गेली एकवीस वर्षे मी लातूरच्या एका महाविद्यालयात हा विषय शिकवतो आहे. अधिराष्ट्रीय एकीकरण, म्हणजे अनेक देशांनी आपल्या सार्वभौम अधिकारांपैकी काही अधिकार सर्वांच्या वर असलेल्या एका सामाईक संस्थेकडे सोपवणे, आणि त्यातून देशांतर्गत प्रतिनिधित्वाला बसणारी झळ, हा आमच्या अभ्यासक्रमातला एक घटक आहे. तो मी नेहमी युरोपीय संघाच्या उदाहरणाने शिकवत आलो. मामांचा प्रश्न त्याच घटकाचा होता, पण त्याला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

आधी खासदारांचे म्हणणे तपासून पाहू. बाहेरचे तेल स्वस्तात आले की इथल्या सोयाबीनचा भाव पडतो, म्हणून हा प्रश्न तेलावरच्या आयात शुल्काचा होतो. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देशाने प्रत्येक वस्तूच्या आयात शुल्काची एक कमाल मर्यादा लिहून दिलेली असते. भारताने सोयाबीन तेलासाठी लिहून दिलेली मर्यादा ४५ टक्के आहे आणि पामतेलासाठी ती ३०० टक्के आहे. म्हणजे करार आहे, बंधनही आहे, आणि नेमके आमच्या पिकाच्या तेलावर ते अधिक घट्ट आहे. ही संघटना १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा आज मराठवाड्यात सोयाबीनचा जेवढा पेरा आहे तेवढा मुळीच नव्हता. ज्या पिकावर पुढे आमच्या तीन-चार जिल्ह्यांचे अर्थकारण उभे राहणार होते, त्याची वरची सीमा ते पीक आमच्या शिवारात नीट रुजण्यापूर्वीच कागदावर ठरून गेली होती, आणि नंतर आलेल्या कोणत्याही लोकसभेला ती एकतर्फी बदलता येत नाही. तरीही खासदारांचे उत्तर खरे नव्हते. सप्टेंबर २०२४ पर्यंत कच्च्या सोयाबीन तेलावरचे मूळ सीमाशुल्क शून्य होते. त्या महिन्यात ते २० टक्के झाले, उपकर धरून २७.५ टक्के, आणि मे २०२५ अखेर मूळ शुल्क पुन्हा खाली, १० टक्क्यांवर आणले गेले. हे सगळे आकडे ४५ च्या खालचे आहेत. शुल्क शून्यावर ठेवायचे की वीसवर न्यायचे, हा निर्णय जिनिव्हात, या संघटनेच्या मुख्यालयात, झाला नव्हता, तो दिल्लीत झाला होता. शहरातल्या ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे, ही त्यामागची भूमिका असेल तर ती उघडपणे मांडता आली असती, आणि मामांनी तिच्याशी भांडण केले असते. ते भांडण म्हणजेच लोकशाही. करार पुढे करून त्या भांडणाची जागाच काढून घेतली गेली.

या विषयात सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, असे माझे मत झाले आहे. सत्ता वर गेली, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण सत्ता वर जाण्याइतकेच गंभीर हे आहे की कोणता निर्णय वर झाला आणि कोणता इथेच झाला, हे मतदाराला ओळखता येईनासे होते. प्रतिनिधीला मग एक कायमची सबब मिळते. तो खरोखर बांधलेला असतो तेव्हाही तीच सबब आणि मोकळा असतो तेव्हाही तीच, आणि ऐकणाऱ्याकडे फरक करण्याचे साधन नसते.

युरोपात ही प्रक्रिया सर्वांत पुढे गेलेली आहे, म्हणून तिथले पाहणे आवश्यक आहे. २५ मार्च १९५७ च्या रोम कराराने सहा देशांनी सामाईक बाजारपेठेचा पाया घातला, तेव्हा सामान्य मतदाराला तो व्यापाराचा करार वाटला असणार. पण १९६४ मध्ये कोस्टा या इटालियन नागरिकाच्या विजेच्या बिलाच्या वादातून युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला की सामाईक कायदा आणि देशाचा कायदा यांत विरोध आला तर सामाईक कायदा वरचढ ठरेल, मग देशाच्या संसदेने आपला कायदा नंतर केलेला असला तरीही. संसदेचा शेवटचा शब्द तिथे संपला. बरे, हे सामाईक कायदे करतो कोण? प्रस्ताव मांडण्याचा अधिकार युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेकडे, आणि संमत करण्याचा अधिकार युरोपीय संसद व मंत्रिपरिषद या दोघांकडे. मंत्रिपरिषदेत प्रत्येक देशाचा त्या त्या खात्याचा मंत्री बसतो आणि बहुतेक विषयांत ५५ टक्के देश व ६५ टक्के लोकसंख्या अशा दुहेरी बहुमताने निर्णय होतो. आता या मंत्र्याची स्थिती पाहा. मायदेशी तो संसदेला उत्तरदायी आहे, पण संघाचे कामकाज चालते त्या ब्रसेल्सला जाऊन तो इतर मंत्र्यांबरोबर स्वतःच कायदा करतो, आणि परत आल्यावर संसदेला सांगतो की हे संघाने ठरवले आहे, आपल्याला अंमलबजावणी करावीच लागेल. सरकार आणि संसद यांच्यातला तोल अशा रीतीने सरकारच्या बाजूला झुकतो. राष्ट्राची सत्ता गेली असे वरवर दिसते, पण त्या राष्ट्राच्या मंत्रिमंडळाची आपल्याच संसदेवरची सत्ता वाढलेली असते. विद्यार्थ्यांना हे समजावायला मला नेहमीच वेळ लागतो, कारण सार्वभौमत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परका आणि आपला एवढेच दोन पक्ष उभे राहतात.

ग्रीसचे उदाहरण मी सविस्तर सांगतो. जानेवारी २०१५ मध्ये ग्रीक मतदारांनी कर्जसंकटात लादलेल्या काटकसरीच्या अटींना विरोध करणाऱ्या सिरिझा पक्षाला निवडून दिले. अलेक्सिस सिप्रास पंतप्रधान झाले. ५ जुलै रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. त्यानंतर आठ दिवसांत, १३ जुलैच्या पहाटे, त्याच पंतप्रधानांनी ब्रसेल्समध्ये नव्या कर्जासाठी काटकसरीच्या कडक अटी मान्य केल्या, कारण बँका बंद होत्या, चलन सामाईक होते आणि ते छापण्याचा अधिकार अथेन्सकडे नव्हता. मतपेटीत एक उत्तर पडले आणि अमलात दुसरे आले. हे सांगितले की वर्ग चिडतो, आणि ती चीड योग्यच आहे.

पण त्याच संकटातली स्लोव्हाकियाची गोष्ट त्या चिडीबरोबर सांगावी लागते. ऑक्टोबर २०११ मध्ये युरो क्षेत्राच्या मदतनिधीत आपला वाटा वाढवण्याचा प्रश्न स्लोव्हाक संसदेपुढे आला. हा देश ग्रीसपेक्षा गरीब होता आणि आपल्यापेक्षा सधन लोकांच्या कर्जाची हमी आपण का घ्यावी, असे तिथल्या अनेकांना वाटत होते. संसदेने ११ ऑक्टोबरला नकार दिला आणि त्या मतदानात इव्हेता रादिचोवा यांचे सरकारच पडले. दोन दिवसांनी, मुदतपूर्व निवडणुकीच्या अटीवर, त्याच संसदेने तो प्रस्ताव मान्य केला. ग्रीक मतदाराचे मत खरे होते तसे स्लोव्हाक मतदाराचेही खरे होते. दोघांचीही मते एकाच निधीच्या संदर्भात होती, आणि दोन्ही मते एकाच वेळी पूर्ण होणे शक्य नव्हते. एकाच देशाच्या सीमेत लोकशाही बसवली की शेजारच्या देशातल्या, त्याच निर्णयाचे परिणाम भोगणाऱ्या माणसाला मत उरत नाही. अधिराष्ट्रीय संस्थेचा सर्वांत प्रामाणिक बचाव हाच आहे.

हा बचाव मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. पैठणच्या जायकवाडीत गोदावरीचे पाणी येते ते नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली धरणे भरल्यानंतर. वरच्या भागातले लोकप्रतिनिधी आपल्या मतदारांचेच प्रतिनिधित्व करतात, आणि पाणी खाली सोडू नका हीच त्या मतदारांची मागणी असते. त्यांनी तसे म्हणण्यात लोकशाहीला धरूनच सगळे आहे. विधानसभेच्या २८८ जागांपैकी मराठवाड्याच्या ४६. नुसत्या मतांच्या मोजणीवर आम्हाला पाणी मिळाले नसते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातले समन्यायी वाटपाचे कलम, त्यावर आधारलेले १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर केलेले शिक्कामोर्तब यांच्या बळावर वरच्या धरणांतून पाणी सुटते. ज्या प्राधिकरणाला आम्ही कोणीही निवडून दिलेले नाही, त्याने आमचा विचार निवडून दिलेल्या बहुमतापेक्षा अधिक केला. हे उदाहरण एका राज्याच्या आतले आहे, दोन देशांमधले नाही, याची मला जाणीव आहे. तत्त्व मात्र तेच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकराने, वरच्या संस्था म्हणजे लोकशाहीचा संकोच, असे सरसकट विधान करणे मला अप्रामाणिक वाटते.

मोठ्या घरात सामील होण्याचा अनुभवही आमच्याकडे आहे. हैदराबाद संस्थानातून मुक्त झालेला मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५३ च्या नागपूर करारातली आश्वासने आणि राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमातली तरतूद त्याच्या पाठीशी होती. त्या तरतुदीतली वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्ष स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. सामील होताना दिलेला शब्द जपायला एखादी संस्था नसली की तो कागदावर राहतो, हे आमच्या वडिलांच्या पिढीने अनुभवले आहे.

म्हणून वरची संस्था असावी की नसावी, हा प्रश्न मला आता मूळ प्रश्न वाटत नाही. आपला प्रतिनिधी तिथे जाण्यापूर्वी त्याला कोणी विचारले का, हा मूळ प्रश्न वाटतो. डेन्मार्कमध्ये १९७३ पासून याची एक साधी पद्धत आहे. महत्त्वाच्या विषयावर ब्रसेल्समध्ये वाटाघाट करण्यापूर्वी मंत्र्याला संसदेच्या युरोपविषयक समितीपुढे उभे राहून आपण कोणती भूमिका घेणार आहोत हे सांगावे लागते. समितीत सतरा सदस्य असतात. ज्यांच्या पक्षांकडे मिळून सभागृहाचे बहुमत आहे, अशा सदस्यांनी विरोध केला तर मंत्री ती भूमिका घेऊन जाऊ शकत नाही. डेन्मार्कमध्ये सरकारे बहुधा अल्पमतातली असतात, त्यामुळे ही विचारणा केवळ उपचार राहत नाही. परत आल्यावर, वरून लादले गेले, असे त्या मंत्र्याला म्हणता येत नाही, कारण तो काय मागायला गेला होता हे नोंदवलेले असते. याउलट नॉर्वेने १९७२ आणि १९९४ अशा दोन सार्वमतांत सदस्यत्व नाकारले, पण बाजारपेठेसाठी तो युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहिला. संघाचे नियम तिथे मोठ्या प्रमाणावर लागू होतात, आणि ते करताना मत देणारा नॉर्वेचा मंत्री सभागृहात नसतो. बाहेर राहिल्याने प्रतिनिधित्व वाचतेच असे नाही. ब्रिटनमध्ये २०१६ च्या सार्वमताच्या आधी या उदाहरणाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे मला वाटते.

बेल्जियममधल्या वालोनिया प्रदेशाबद्दल वाचले तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो. लोकसंख्या सुमारे छत्तीस लाख. बेल्जियमच्या घटनेनुसार तिथल्या प्रादेशिक संसदांच्या संमतीवाचून केंद्र सरकार अशा व्यापार करारावर सही करू शकत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातला करार या एका प्रदेशाने शेतमाल आणि गुंतवणूकदारांच्या लवादाच्या मुद्द्यांवर काही आठवडे अडवून धरला आणि खुलासे लेखी घेतल्यावरच वाट मोकळी केली. २०११ च्या जनगणनेनुसार मराठवाड्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख आहे. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे. तरीही शेतमालाला स्पर्श करणाऱ्या कोणत्याही व्यापार करारावर सही होण्यापूर्वी आपल्या विधानसभेला विचारले जात नाही.

विधानसभेचेच कशाला, संसदेलाही विचारणे बंधनकारक नाही. करार करणे हा केंद्राच्या कार्यकारी अधिकाराचा भाग मानला जातो. कलम २५३ संसदेला कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार देते, अगदी राज्यसूचीतल्या विषयावरही, पण त्याआधी करार संमत करून घ्या असे सरकारला सांगत नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांनी व्यापक व्यापार करारावर सह्या केल्या. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे असा करार मंजुरीपूर्वी तिथल्या संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो. आपल्याकडे त्याच करारासाठी तशी कोणतीही पायरी नाही. युरोपीय संसदेकडे तर संघाच्या लिस्बन करारानंतर व्यापार करार नाकारण्याचा अधिकार आहे, आणि बनावट मालविरोधी 'ॲक्टा' कराराच्या वेळी, जुलै २०१२ मध्ये, तिने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी वापरला. ज्या संसदेला लोकशाहीच्या तुटीचे उदाहरण म्हणून मी वर्गात उभे करत आलो, तिच्या हातात आपल्या लोकसभेकडे नसलेला अधिकार आहे. हे मला टोचते.

आपल्या संसदेला जेव्हा वाव मिळाला, तेव्हा तिने तो वापरलेला आहे, म्हणून ही उणीव अधिक खटकते. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या करारामुळे औषधांवर पेटंट देणे २००५ पासून भाग पडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीवर डाव्या पक्षांनी संसदेत जोर लावला आणि त्यातून पेटंट कायद्याचे कलम ३(ड) आजच्या स्वरूपात आले: ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाने गुणकारिता वाढली असेल तरच पेटंट. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा कर्करोगावरील औषधाचा दावा याच कलमावर फेटाळला. आमच्या अधिक जवळचे उदाहरण २००१ च्या वनस्पती वाण कायद्याचे. मूळ विधेयक संयुक्त समितीकडे गेले, समितीने ते पुष्कळ बदलले, आणि कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क मिळाला. करार तोच होता. त्याच्या चौकटीत काय बसते हे समितीत बसून शोधणारे खासदार होते. मामा आजही घरचे सोयाबीन चाळून, उगवण तपासून बियाणे म्हणून ठेवतात आणि शेजाऱ्याला देतात. त्यांच्या कणगीपर्यंत पोचलेले प्रतिनिधित्व हेच.

उसाचा वाद अजून संपलेला नाही, त्यामुळे त्याविषयी थोडेच लिहितो. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर १४ डिसेंबर २०२१ रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने भारताची उसाच्या किमान दराची पद्धत मर्यादेबाहेरची ठरवली. भारताने त्यावर अपील केले, पण न्यायाधीशांच्या नेमणुका अमेरिकेने रोखल्यामुळे अपिलाचे मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंदच आहे. म्हणजे धाराशिव-लातूरच्या ऊस उत्पादकाच्या दराविषयीचा एक निकाल आज अधांतरी लटकलेला आहे. तो उद्या लागू झाला तर काय करायचे, यावर आमच्या भागातल्या एकाही सभेत बोललेले मी ऐकलेले नाही.

मामांना हे सगळे मी दोन बैठकांत सांगितले. पहिल्या बैठकीत ४५ आणि २० चा फरक सांगितल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले, "म्हंजी पंचवीस टक्क्याचा जाब हितंच मागायचा होता." दुसऱ्या बैठकीत आम्ही लोकसभेच्या याचिका समितीचे नियम वाचले. कोणताही नागरिक याचिका करू शकतो, मात्र ती सभागृहात मांडायची तर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. आमचा मसुदा पावणेदोन पानांचा झाला आहे. शेतमालाचा समावेश असलेला प्रत्येक व्यापार करार सहीपूर्वी संसदेच्या संबंधित स्थायी समितीपुढे ठेवावा आणि समितीने त्या पिकाच्या राज्यांचे म्हणणे ऐकावे, एवढीच त्यात मागणी आहे. सोबत मामांच्या त्या पट्टीची झेरॉक्स जोडली आहे. प्रतिस्वाक्षरीसाठी पुढच्या सोमवारी आम्ही दोघे त्याच खासदारांच्या कार्यालयात जाणार आहोत.